साडेचार स्टारचं घर

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो तेव्हा शाळेनं मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला अजून कळलेलं नाही. त्यापेक्षा त्यांनी माझी एक सवय काढून घेतली असती तर बरं झालं असतं. ती मात्र माझ्याबरोबर बिनबोभाट घरी आली. ती सवय म्हणजे इन्स्पेक्शनची तयारी.

ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांना हे समजावून सांगावं लागेल. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं की आमच्या सदाशिव पेठेतल्या शाळेत लगीनघाई सुरू व्हायची. शेजारच्या शाळेतून नकाशे उसने आणायचे. प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसून बेडकांना उजेड दाखवायचा. हुशार मुलांना मधल्या रांगांत पेरायचं, आणि ज्यांना भलते प्रश्न विचारायची खोड आहे त्यांना नेमकं त्या तासाला खडू आणायला पाठवायचं. साहेब येत, कांदेपोहे खात, मधल्या रांगेतल्या दोघांना प्रश्न विचारत आणि 'समाधानकारक' असा शेरा लिहून जात. दुसऱ्या दिवशी नकाशे परत जायचे आणि शाळा पुन्हा होती तशी व्हायची. या कामात मी इतका वाकबगार झालो होतो की इतर शाळांचे मुख्याध्यापक तपासणीच्या आधी मला चहाला बोलवत असत. शाळा चांगली करण्याबद्दल सल्ला विचारायला मात्र कधी कुणी बोलावल्याचं आठवत नाही.

आमचा फ्लॅट कर्वेनगरात, चौथ्या आणि शेवटच्या मजल्यावर. घेताना मी हौसेनं वरचा मजला मागून घेतला होता. डोक्यावर कुणी खलबत्ता कुटणार नाही, कुणाचं पाणी छतातून गळणार नाही, असा माझा हिशोब होता. डोक्यावर सूर्य येणार आहे हे मी हिशोबात धरलं नव्हतं. पुढच्या बाल्कनीत संध्याकाळी असा वारा सुटायचा की पाहुणे म्हणत, काय नशीबवान आहात. मी नुसता मान हलवायचो, जणू वारा मीच सोडला आहे.

या घरातली माझी सगळ्यात अभिमानाची वस्तू म्हणजे विजेचं बिल. इमारतीत आमच्याइतकं कमी बिल कुणाचंच येत नसे. सोसायटीच्या वार्षिक सभेत, हिशोब मंजूर झाले आणि वड्यांची वाट बघत सगळे बसले की मी उठायचो आणि काटकसरीवर चार शब्द बोलायचो. दोन वर्षं तर मी बिलाची प्रत जिन्याखालच्या फलकावर लावली होती. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तेव्हा विचारलं होतं, "सर, हे कौतुकासाठी आहे की वर्गणीसाठी?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांच्याकडे एसी होता, आणि एसीवाल्यांबद्दल मला एक प्रकारची करुणा वाटत असे.

माझी बायको मुद्रितशोधनाचं काम करते. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यातून तिच्याकडे प्रुफं येतात, ती तपासून परत जातात. आमचं लग्न झाल्यापासून हे चालू आहे. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल आहे, कारण उजेड तिथे उत्तम. ती खिडकी पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात ती अधूनमधून म्हणायची की मागची खोली फार तापते. त्यावर माझं उत्तर ठरलेलं असे, की आमच्या लहानपणी कुठे होते एसी. एवढं बोलून मी जेवण उरकायचो, छत्री घ्यायचो आणि पेठेतल्या वाचनालयात जायचो. जाड दगडी भिंतींचा तळमजला, उंच छत, आणि लोकांच्या वर्गणीवर फिरणारे पंखे. संध्याकाळच्या चहाला मी परत यायचो तेव्हा पुढच्या बाल्कनीत वारा सुटलेला असायचा. चहा पिताना मी म्हणायचो, "आज काही तितकंसं ऊन नव्हतं."

हे मी वर्षानुवर्षं म्हणालो. नोकरीत होतो तेव्हा शाळेतून येऊन म्हणायचो, निवृत्तीनंतर वाचनालयातून येऊन म्हणू लागलो. एखादं विधान करण्यापूर्वी ते तपासून बघावं असं मी मुलांना शिकवलं होतं, पण ते मुलांसाठी होतं.

तो एप्रिल जरा जास्तच कडक निघाला. एका सकाळी तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं की हे घर विकावं आणि धायरीला जावं. धायरीला तिची बहीण राहते. तिच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट निघाला होता, पूर्वेकडचा, वर चांगले तीन मजले सावलीला. बायकोचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी घाबरलो. ती चिडून बोलली असती तर ते संध्याकाळपर्यंत विरलं असतं.

मला हे घर सोडायचं नव्हतं. कालव्याच्या कडेनं संध्याकाळचं फिरणं, तिथल्या बाकावरची आमची चार निवृत्त डोकी, बाल्कनीतला वारा, सगळं आयुष्य या एका पत्त्याला चिकटलेलं होतं. आणि धायरीहून वाचनालय म्हणजे निम्मा दिवस बसमध्ये. हे शेवटचं कारण मी तिला सांगितलं नाही, पण स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

दोन-तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होतो. मग तिनंच तोडगा काढला. त्या सुमारास तिच्याकडे एका पुस्तिकेची प्रुफं आली होती. आपल्या घराला ऊर्जेच्या दृष्टीनं किती गुण मिळतील, ते कसे काढतात आणि ते वाढवायला काय करावं, याबद्दलची घरमालकांसाठी माहिती. पुण्यातलीच एक खासगी संस्था अशी तपासणी करून अहवाल देत होती. ती म्हणाली, आपण त्यांना बोलवू. घर सुधारण्यासारखं असेल तर सुधारू आणि इथेच राहू. सुधारण्यासारखं काही नसेल तर धायरी. अहवाल म्हणेल ते दोघांनी ऐकायचं.

मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला उठून पाणी प्यायलो. बायको माझ्याशी वाद घालायला निघाली होती आणि लढाईचं मैदान म्हणून तिनं इन्स्पेक्शन निवडलं होतं. तिनं पुस्तिका माझ्यापुढे सरकवली आणि निदान पहिली काही पानं वाचा असं सुचवलं. मी म्हणालो, मला कसलं वाचायला सांगतेस, माझी उभी हयात तपासण्यांत गेली आहे. तिनं पुस्तिका परत ओढून घेतली आणि एक वेलांटी दुरुस्त केली.

मी तयारीला लागलो. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून एलईडीचे दिवे उसने आणले आणि आमच्या जुन्या ट्यूब माळ्यावर टाकल्या. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी पाहुणे येणार आहेत असं सांगितलं. पाणी तापवायची सळई, टोस्टर आणि जुनी इस्त्री एका पोत्यात बांधून पलंगाखाली ढकलली. आमचा फ्रिज वयानं ज्येष्ठ, त्याच्यावर एकही स्टार नव्हता, कारण तो जन्मला तेव्हा अशी पद्धतच नव्हती. त्याला लपवणं शक्य नव्हतं, तेव्हा निदान तो घरघरू नये म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारला. गच्चीत, बरोबर मागच्या खोलीच्या डोक्यावर, इमारतीतल्या सगळ्यांच्या कुंड्या आणून मांडल्या. बायकोची तोंडी परीक्षाही घेतली. गीझर किती वेळ लावता? दिवे कधी घालवता? ती उत्तरं देत होती, फक्त दर उत्तरानंतर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होती. तिला विषय कठीण जातो आहे असं मला वाटलं.

संस्थेनं दुपारची वेळ सुचवली होती. मी फोनवर ठणकावून सांगितलं की दुपार आम्हाला सोयीची नाही, सकाळी आठला या.

आली ती तिशीची एक इंजिनिअर बाई, पाठीवर सॅक, हातात टॅब. मला सर म्हणाली तेव्हा माझा अर्धा पेपर सोडवून झाला. ती दिवे मोजत गेली, खिडक्यांची मापं घेतली, भिंत कशाची आहे ते विचारलं, फ्रिजकडे बघून एक क्षण थबकली. मग पिस्तुलासारखं एक यंत्र काढून तिनं छतावर रोखलं आणि तिथलं तापमान वाचलं. सकाळची वेळ, वर कुंड्यांना रात्री भरपूर पाणी घातलेलं. छतानं माझी लाज राखली. मी तिला वर्षभराची बिलं दाखवली, तीही नीट पिन लावून. बिलं बघून तिनं भुवया उंचावल्या आणि माझी छाती फुगली.

शेवटी ती बाहेरच्या खोलीत बसून प्रश्न विचारू लागली. घरात किती माणसं, स्वयंपाक कशावर, कपडे मशीनमध्ये की हातानं. बायको चहा घेऊन आली तेव्हा ती विचारत होती, "दुपारी घरात किती माणसं असतात? साधारण बारा ते पाच?"

"दुपारी घरात कुणी नसतं," मी म्हणालो.

हे मी गुणांसाठी बोललो नाही. बाकी सगळं गुणांसाठी केलं होतं, पण हे अगदी सहज तोंडातून गेलं. दुपारचं घर डोळ्यांपुढे आणलं तर मला खरोखरच तिथे कुणी दिसलं नाही. बायकोनं ट्रे खाली ठेवला, कप पाहुणीपुढे केला आणि ती आत निघून गेली. इंजिनिअर बाईंनी टॅबवर काहीतरी दाबलं.

जाताना त्यांनी काडेपेटीएवढी एक पांढरी डबी दिली. ती सगळ्यात तापणाऱ्या खोलीत आठवडाभर ठेवायची, ती आपोआप तापमानाची आणि दमटपणाची नोंद करत राहते. डबी मागच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर ठेवून त्या गेल्या, आणि त्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळायच्या आत मी ती उचलली. आमच्या स्वयंपाकघरात पूर्वेच्या खिडकीशी माठ असतो. माठ आणि भिंत यांच्या मध्ये एक अरुंद जागा आहे, तिथे मे महिन्यातही बोटांना गारवा लागतो. डबी तिथे अशी बसली, जणू तिच्यासाठीच ती जागा ठेवली होती.

माठ रोज सकाळी बायको भरते. त्या आठवड्यात ती तो काठोकाठ भरत होती, आणि वरून ओलं फडकंही गुंडाळत होती. मला वाटलं, उन्हाळ्यामुळे.

आठवड्यानं मी डबी कपाटावर परत ठेवली, संस्थेचा माणूस नोंदी उतरवून घेऊन गेला आणि अहवाल आला. आमच्या घराला पाचपैकी साडेचार स्टार मिळाले होते.

मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. ऊर्जेचा वापर अत्यल्प. घरातलं तापमान आल्हाददायक. सुधारणेला वाव नगण्य. बायको माझ्यासमोर बसून ऐकत होती. माझं वाचून झाल्यावर तिनं अहवाल मागून घेतला. मुद्रितशोधक मंडळी मजकूर तळापासून वाचतात की काय कोण जाणे, तिनं सरळ शेवटच्या पानावरच्या बारीक टाइपातल्या तळटिपांवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की दुपारी घरात कुणी नसते असे मालकांनी सांगितले, त्यामुळे गुण देताना दुपारच्या उष्णतेचा विचार केलेला नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती, की मागील खोलीतील हवेत आढळलेल्या दमटपणाचा उलगडा झालेला नाही.

तिनं लाल पेनानं पहिली टीप अधोरेखित केली. मग शांतपणे म्हणाली, "सुधारायला काही उरलेलं नाही. ठरल्याप्रमाणे धायरी."

मी म्हणालो, अगं, असं कसं, साडेचार स्टार आहेत.

"म्हणूनच," ती म्हणाली. "कमी असते तर वाढवता आले असते. आणि दुपारी इथे कुणी नसतंच, तर हे घर ठेवायचं कुणासाठी?"

ती उठून आत गेली आणि तिनं बहिणीला फोन लावला. मी साडेचार स्टार हातात धरून बसलो होतो. सबंध कारकिर्दीत मी असा निकाल लावला नव्हता. पैकीच्या पैकी तयारी, आणि त्याचमुळे शाळाच बंद. ती पुस्तिका तिनं तपासली होती, माठ तीच भरत होती, डबीशेजारच्या माठाला ओलं फडकं तिनंच गुंडाळलं होतं. मी तिची तोंडी परीक्षा घेत होतो तेव्हा माझा पेपर तपासून झालेला होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचा फोन आला की धायरीच्या फ्लॅटचे मालक रविवारी भेटायला तयार आहेत. मी बाल्कनीत गेलो, दार ओढून घेतलं आणि इंजिनिअर बाईंना फोन केला. गुण कमी करून मिळतील का, असं विचारलं.

मग त्या म्हणाल्या, "सर, वाढवून मागणारे रोज भेटतात. ती डबी कुठे ठेवली होतीत?"

मी सांगितलं. माठाबद्दल, कुंड्यांबद्दल, पलंगाखालच्या पोत्याबद्दल, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. बऱ्याच घरमालकांची समजूत चुकलेली असते, असं म्हणून त्यांनी मला धडा पहिलीपासून शिकवला. फ्रिजवरचे स्टार त्या यंत्राचे असतात, ते यंत्र कुणाच्याही घरी गेलं तरी तेच. घराचे स्टार वेगळे. छत, भिंती, खिडक्यांची दिशा, वारा, हे सगळं मिळून आतल्या माणसाला सुखानं राहता यायला किती वीज लागेल, ते त्यात बघायचं असतं. मी माझ्या बिलांची आठवण करून दिली. कमी बिल आलं म्हणजे घर चांगलंच असणार, हे मी इतक्या सभांत सांगितलं होतं की मला ते पाठ झालं होतं.

"बिल घराचं नसतं, सर, आतल्या माणसांचं असतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी वीज कमी वापरली, एवढंच त्यातून कळतं. घर गार आहे म्हणून कमी वापरली, की कुणीतरी सोसलं म्हणून, हे बिलावर लिहिलेलं नसतं."

त्या पुन्हा यायला तयार झाल्या, पण दोन अटी घातल्या. या वेळी त्या टळटळीत दुपारी येणार, आणि डबी मागच्या खोलीतच राहणार. शिवाय आठवडाभर दुपारी त्या खोलीत काय काय चालू असतं ते घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवून सांगायचं. मी हे बायकोला सांगितलं तेव्हा तिनं रविवारची भेट आठवडाभर पुढे ढकलली. लक्ष कोण ठेवणार, एवढंच विचारलं. मी ठेवतो असं म्हटल्यावर तिनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी छत्रीला हात लावला नाही. मागच्या खोलीत जाऊन भिंतीशी खुर्ची ओढून बसलो. कपाटावर पांढरी डबी, तिच्यासमोर मी, मध्ये टेबलाशी बायको. सुरुवातीला मला बरंच वाटलं. मग ऊन खिडकीत आलं. त्यानंतर छत तापलं, आणि तव्याखाली बसावं तशी आच वरून येऊ लागली. भिंतीला पाठ टेकवली तर भिंतही गरम. वर्तमानपत्र हातात धरवेना. मी बनियनवर आलो.

बायकोनं टेबलाखालच्या बादलीत पाय सोडले होते. तिच्या मानेवर ओला पंचा होता. ती दर थोड्या वेळानं पंचा बादलीत बुडवून पिळत होती आणि परत मानेवर ठेवत होती. हे सगळं इतकं सवयीचं होतं की तिची नजर कागदावरून हलत नव्हती. ती बादली मी रोज बाथरूममध्ये बघत होतो. दुपारी ती कुठे जाते हे मला माहीत नव्हतं.

डोक्यावर पंखा होता आणि तो बंद होता. मला वाटलं, विसरली असेल. मी उठून बटण दाबलं.

पंख्यानं पहिलं पातं फिरवायच्या आत तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत टेबलावर पालथे पडले, कागदांवर. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. मांजर उडी मारेल म्हणून दुधाच्या पातेल्यावर हात जावा, तसे ते गेले. तरी चार पानं उडालीच. एक बादलीत पडलं.

मी पंखा बंद केला. खाली वाकून पानं गोळा करताना मी विचारलं, की तू पंखा लावत नाहीस का.

"कागद उडतात," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कागद पहिल्यापासूनच उडतात."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बादलीत पडलेलं पान तिनं दोन बोटांनी उचललं, पंच्यानं टिपलं आणि खिडकीच्या गजांवर वाळत घातलं. मला फलकावरचं ते बिल आठवलं. वार्षिक सभेतली माझी भाषणं आठवली. इमारतीतल्या सगळ्या पंख्यांपेक्षा आमचा पंखा कमी फिरत होता, कारण त्याच्याखाली ही बाई कागद धरून बसली होती, आणि त्या घामाचा सत्कार मी स्वतःच्या नावावर करून घेत होतो. मला तेव्हा जी लाज वाटली ती विनोदानं सांगता येईल का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. येत नाही.

मी म्हणालो, पंखा लाव, मी कागद धरतो.

"तुम्ही किती वेळ धरणार?"

मी खुर्ची टेबलाला लावली आणि दोन्ही हात कागदांवर ठेवले. तिनं पंखा लावला, सगळ्यात हळू. ती पान तपासायची, मी पुढचं पान द्यायचो, तपासलेलं दाबून धरायचो. थोड्या वेळानं तिनं मूळ हस्तलिखित माझ्या हातात दिलं आणि मोठ्यानं वाचा म्हणाली. छापखान्यात पूर्वी असंच करत, एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर बघायचं. मी मुख्याध्यापकी आवाजात सुरुवात केली. तिनं सांगितलं की वर्ग घेऊ नका, नुसतं वाचा.

इंजिनिअर बाई भर दुपारी आल्या तेव्हा त्यांनी छतावर ते पिस्तूल रोखलं आणि आकडा मला दाखवला. बाहेरच्या उन्हापेक्षा आमचं छत जास्त तापलं होतं. या वेळी ट्यूब जागेवर होत्या, फ्रिज मोकळेपणानं घरघरत होता आणि पाणी तापवायची सळई खुंटीवर लटकत होती. आम्हाला दीड स्टार मिळाला. सुधारणेला भरपूर वाव, असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. गच्चीला उन्हाचा मारा परतवणारा पांढरा लेप, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली, छताला आतून उष्णतारोधक थर, असे उपाय सुचवले होते. बायकोनं अहवाल तपासला, एका ठिकाणी अनुस्वार दिला, आणि बहिणीला फोन करून सांगितलं की एक उन्हाळा थांबू. पुढच्या वर्षी घर तापलंच तर धायरी पक्की.

गच्ची सोसायटीची, त्यामुळे सभेत परवानगी मागावी लागली. काही वर्षांपूर्वी कुणीतरी असाच लेप सुचवला होता, तेव्हा तो चोचला आहे असं म्हणून ठराव हाणून पाडणारा वक्ता मीच होतो. इतिवृत्तात माझं भाषण सविस्तर नोंदवलेलं निघालं. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ते वाचून दाखवायची परवानगी मागितली, आणि सभेनं ती एकमतानं दिली. सगळं ऐकून घेतल्यावर मी दीड स्टारचा अहवाल फलकावर लावला, जिथे बिल लावायचो तिथेच. त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेन्सिलनं 'समाधानकारक' असं लिहिलं होतं. लेप मंजूर झाला.

पुढचा मे आला. घर काही वाचनालय झालं नाही, पण डोक्यावरची आच गेली, आणि खिडकीबाहेर सावलीला टांगलेल्या चटयांमुळे ऊन बाहेरच अडायला लागलं. बिल वाढलं. मी ते कुणाला दाखवलं नाही, घडी करून ठेवून दिलं. दुपारची प्रुफं आम्ही दोघं मिळून वाचत होतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्या ज्ञानाविषयी इतक्या वर्षांनी मला बरंच काही कळत होतं. वाचनालयातून एकदा फोन आला, मी बरा आहे ना म्हणून.

काम झाल्यावर फेरतपासणी करतात, त्यासाठी इंजिनिअर बाई आल्या. वेळ दुपारची. त्यांनी छत बघितलं, भिंतीला हात लावून बघितला, डबी उघडून नोंदी घेतल्या. मग मागच्या खोलीतच टॅब घेऊन त्यांनी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारायला सुरुवात केली. मी हस्तलिखित हातात धरून बसलो होतो, डावा कोपर तपासलेल्या पानांवर.

"दुपारी घरात किती माणसं असतात? बारा ते पाच?"

मी तोंड उघडलं, पण बायकोनं प्रुफावरची मान वर न करता उत्तर दिलं.

"दोन," ती म्हणाली. "आणि पंखा चालू असतो, तेही लिहा."